नॉर्माबाईंची खबर

आमच्या मंडळाचं नाव 'दुय्यम मंडळ'. नाव ऐकून लोक हसतात आणि मी त्यांना हसू देते. इंदुरात भजनी मंडळं आहेत, हास्यक्लब आहेत, पोहे-जिलबी चापून झाल्यावर वजन उतरवण्याच्या गोष्टी करणारे मॉर्निंग वॉकवाले तर गल्लोगल्ली आहेत. आम्ही सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे हॉलिवूडचे ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे बघतो आणि त्यातल्या नायक-नायिकेकडे ठरवून काणाडोळा करतो. आमचं लक्ष दार उघडणाऱ्या दरवानाकडे, बिल आणणाऱ्या वेटरकडे, भाडं मागायला आलेल्या घरमालकिणीकडे, गर्दीत टोपी सांभाळत पळणाऱ्या माणसाकडे. नायकाला बघायला सगळं जग बसलंय, त्याला आपली काय गरज, असं कृष्णरावांचं म्हणणं.

कृष्णराव पोतनीस हे मंडळाचे संस्थापक. वय एक्याऐंशी. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते आणि त्यांनी स्वतः छत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली, तेव्हा कागद जपणं त्यांच्या रक्तातच आहे. अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता बैठकीतले पडदे ओढायचे, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचं आणि प्रोजेक्टर लावायचा. नायक-नायिकेचं कौतुक तोंडातून निघालं, तर पुढच्या वेळी सगळ्यांना कचोरी आणायची, हा नियम. डॉक्टर मोहन यांनी आजवर सगळ्यांत जास्त कचोऱ्या आणल्यात, कारण नायिका हसली की त्यांना राहवत नाही. ते दातांचे डॉक्टर. म्हणतात, मी फक्त दात बघत होतो.

मी सेक्रेटरी. वसुंधरा देवळे, कॉलेजात तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त, स्वभावाने तिखट. हे मीच सांगून टाकते, कारण बाकीचे माझ्या पाठीमागे सांगतात.

कृष्णरावांची एक जाडजूड वही आहे. कोण, कुठल्या सिनेमात, कितव्या मिनिटाला, हातात काय घेऊन, असं सगळं त्यात लिहिलेलं. या लोकांची नावं पडद्यावर येतच नसत. ती शोधून काढायला कृष्णरावांनी आधी टपाल झिजवलं आणि आता इंटरनेट झिजवतात. एकेका चेहऱ्याला दोन-दोन वर्षं लागलीत.

त्या वहीतलं पहिलं नाव नॉर्मा ट्रॅस्कॉट. चौतीस सिनेमे, आणि सगळे मिळून पडद्यावर सव्वानऊ मिनिटं. सात सिनेमांत बाई बोलली, बाकीच्यांत नुसती वस्तू आणून दिली. कोट, चिठ्ठी, ट्रे, टेलिफोन. कृष्णरावांनी तिला पहिल्यांदा बघितलं ते अठराव्या वर्षी, रविवारच्या मॉर्निंग शोला. एक मोठा माणूस खिडकीशी पाठमोरा उभा राहून रडत असतो आणि मोलकरीण झालेली नॉर्मा कॉफी घेऊन आत येते. तो रडतोय हे तिला कळतं. ती कप टेबलावर असा ठेवते की बशीचा जरासुद्धा आवाज होत नाही, आणि निघून जाते. अकरा सेकंद. हे तिला कुणी सांगितलेलं नाही, तिने स्वतःच केलं, असा कृष्णरावांचा तेव्हापासूनचा संशय. कृष्णराव म्हणतात, पुढे छत्तीस वर्षं साहेबांच्या टेबलावर मी फाइल नाही, तो कप ठेवत आलो. फाइल आली कधी म्हणून साहेब लोक दचकत. एका साहेबांचा मुलगा गेला, त्या महिन्यात त्यांनी कृष्णरावांना बोलावून थँक यू म्हटलं. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

आता आमची खरी रीत सांगते. पितृपक्षात जो ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याचं पान वाढतात, आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचं सर्वपित्री अमावास्येला. आमच्या वहीतल्या निम्म्या लोकांची तिथी सोडा, सालसुद्धा ठाऊक नाही. गेले तेव्हा कुठल्या पेपरात दोन ओळी आल्या नाहीत. त्यांचं आपण करायचं, असं कृष्णरावांनी ठरवलं. भटजी नाहीत, मंत्र नाहीत. टेबलावर फोटो मांडायचे, एकेक नाव मोठ्याने वाचायचं, आणि खीर-वड्याचं एक पान गच्चीवर ठेवायचं. "पण ते लोक ख्रिश्चन आहेत," डॉक्टर मोहन पहिल्या वर्षी म्हणाले होते. "भूक तर लागत असेल ना, भिया," कृष्णराव म्हणाले, आणि विषय मिटला.

फक्त एक नियम कडक होता. तारीख नसली तरी चालेल, पण माणूस गेल्याचं दोन ठिकाणी लिहिलेलं सापडल्याशिवाय त्याचं नाव सर्वपित्रीच्या यादीत चढायचं नाही. ही खातरजमा सेक्रेटरीने करायची, म्हणजे मी.

मी सेक्रेटरी होऊन आठ वर्षं झाली. आठही वर्षं मी यादी वाचून झाल्यावर विचारायची, "आणि नॉर्माबाई?" आणि आठही वर्षं कृष्णराव म्हणायचे, "त्यांची अजून खबर नाही. राहू द्या." बाईंचा जन्म एकोणीसशे अठ्ठावीसचा. वजाबाकी मलाही येते. एवढा शहाणासुरता माणूस या एका बाबतीत लहान मुलासारखा अडून बसतो, याचा मला राग यायचा. राग आला की तो मी गिळत नाही, पण या बाबतीत गिळत होते, आणि तो साठत गेला.

यंदा पितृपक्षात माझ्या घरी फरशी बसवण्याचं काम निघालं होतं. हॉलमध्ये सिमेंट, स्वयंपाकघरात मिस्त्री आणि मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली. अशात कृष्णरावांचा फोन आला.

"वसुंधराताई, यादी झाली? नॉर्माबाईंचं देखा क्या?"

मी बघितलं नव्हतं. म्हणजे बसल्या जागी फोनवर नाव टाकलं होतं, जन्मसाल आलं, त्यापुढे काही आलं नाही, आणि तेवढ्यात मिस्त्रीने हाक मारली. मी म्हटलं, "बघितलं. गेल्या त्या."

"कधी?"

"तारीख नाही मिळत कुठे."

"दो जगह देखा?"

"हो, दोन ठिकाणी आहे."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. चढवतो नाव." मला वाटलं, चला, एक काम निपटलं. खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला एवढंच वाटलं.

सर्वपित्रीच्या दिवशी बाकीच्या फोटोंना एकेक झेंडूचं फूल होतं आणि नॉर्माबाईंच्या फोटोला शेवंतीचा हार. कृष्णराव पहाटे स्वतः जाऊन घेऊन आले होते. नावं वाचताना ते शेवटच्या नावाशी आले आणि थांबले. चष्मा काढला. आम्ही त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, त्यामुळे कुठे बघावं हे कुणाला कळेना. प्राची तेवढी मोबाइलवर सगळं टिपत होती. ती मूळची नाशिकची, इथे एका आयटी कंपनीत नोकरीला आली आणि दीड वर्षापूर्वी आमच्यात सामील झाली. मंडळात पन्नाशीच्या आतली ती एकटीच.

वर गच्चीवर पान ठेवलं, तर कावळा येऊन कठड्यावर बसला आणि वड्याला काही शिवेना. अर्धा तास झाला. डॉक्टर मोहन म्हणाले, कुणाची तरी इच्छा राहिलीय. शेवटी कृष्णरावांनी हात जोडले आणि त्या कावळ्याला इंग्रजीत सांगितलं की आम्ही तुमचं नाव विसरणार नाही. त्यावर तो वडा घेऊन उडाला. आम्ही सगळे हसलो, कृष्णरावसुद्धा. मी सगळ्यांत जोरात हसले.

दसरा झाला, आणि एका दुपारी प्राची ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून माझ्याकडे आली. तिने तो व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला होता, सगळ्या नावांसकट. त्यावर अमेरिकेहून एका मुलीचा मेसेज आला होता. प्राचीने फोन माझ्या हातात दिला. मुलीने लिहिलं होतं, 'हारातला फोटो माझ्या आजीचा आहे. ती सत्त्याण्णव वर्षांची आहे आणि आत्ता माझ्या शेजारी बसून टोस्टला लोणी लावतेय. ती विचारते, ही फुलं कशासाठी, आणि ते गृहस्थ का रडताहेत?'

"मावशी," प्राची म्हणाली, "आपण जिवंत बाईचं श्राद्ध घातलंय."

"हळू बोल," मी म्हटलं. घरात दुसरं कुणीही नव्हतं.

तिथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण तोंड माझं नेहमीसारखं पुढे धावलं. म्हटलं, "लिही, की आमच्याकडे मोठ्या माणसांचा सत्कार असाच करतात. फोटो, हार, दोन शब्द."

"आणि काकांचं रडणं?"

"भारावून गेले होते, असं लिही."

प्राचीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. आजीला फार आनंद झाला होता. ज्यांनी सत्कार केला त्यांच्याशी तिला व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं. पुढच्या रविवारी, आपल्या सकाळी सात वाजता, तिथल्या शनिवारी संध्याकाळी.

मग मी कृष्णरावांना फोन केला. म्हटलं, इंटरनेटवर चूक होती, नॉर्माबाई आहेत, चांगल्या ठणठणीत आहेत. वीस मिनिटांत ई-रिक्शा करून ते माझ्या दारात हजर. चपला काढल्या, बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. प्राचीने मेसेज दाखवला, नातीने पाठवलेला फोटो दाखवला. लोणी लावलेला टोस्ट हातात धरून बसलेली म्हातारी. कृष्णराव तो फोटो बोटांनी मोठा करत राहिले. मग रुमालाने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळले.

"आता ती दोन ठिकाणं दाखवा."

"कुठली?"

"जिथे लिहिलंय त्या गेल्या म्हणून. ज्याने लिहिलं त्याला कळवायला पाहिजे ना. कल कोई और पढ़ेगा, विश्वास ठेवेल. आमच्या कचेरीत गौतमपुऱ्याचे एक मास्तर यायचे, ताई. कागदावर मेलेले. चार साल जिने चढले, मी जिंदा आहे सांगायला. मी त्यांच्या फाइलमध्ये रोज बघायचो, चूक कुठून शिरली. सापडली तेव्हा ते खरंच गेले होते. त्यामुळे ही मामूली गोष्ट नाही."

मी म्हटलं, लिंक आता सापडत नाही. ते म्हणाले, कोई बात नहीं, आपण शोधू. आणि खरोखर शोधायला बसले. रोज संध्याकाळी प्राची ऑफिसातून सुटली की त्यांच्याकडे, लॅपटॉप उघडून दोघं अमेरिकेतल्या जुन्या पेपरांच्या साइटी धुंडाळताहेत. कृष्णरावांनी इंग्रजीत एक अर्जही तयार केला, ज्याच्याकडून चूक झाली असेल त्याच्या नावे, की कृपया ही नोंद तातडीने दुरुस्त करावी. तो अर्ज तपासायला माझ्याकडे पाठवला. मी त्यातली आर्टिकलं नीट करून दिली. तेहतीस वर्षांत मी हजारो पेपर तपासले, पण माझ्याच विरुद्धचा अर्ज पहिल्यांदा तपासला.

शनिवारी संध्याकाळी मोठी कढई पोचवायला मी त्यांच्या घरी गेले. सकाळच्या कॉलसाठी सगळे जमणार, म्हणजे पोहे पाहिजेतच. कृष्णराव कोट इस्त्रीला टाकायला गेले होते. त्यांच्या पत्नी द्वारकावहिनी पोहे निवडत बसल्या होत्या. त्यांना आमचे सिनेमे मुळीच आवडत नाहीत. रंग नाही, गाणी नाहीत, म्हणे डोळे दुखतात.

मान वर न करता त्या म्हणाल्या, "ताई, ती दोन ठिकाणं आहेतच नाही ना?"

मी कढई खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे. खरी बात असली तर तुम्ही भांडता. आठ दिवस झाले, एकदम मीठं बोलून राहिल्या. मी तेव्हाच समजली."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. फरशी, मिस्त्री, आठ वर्षांचा कंटाळा. सांगताना ते आणखीच क्षुल्लक वाटायला लागलं. मोठ्या कारणासाठी खोटं बोलले असते तर निदान कारणाआड लपता आलं असतं.

"कळलं तर ते मला मंडळातून काढतील," मी म्हटलं.

"काढतील. फिर?"

"मग मी काय करू, वहिनी?" आणि मी बोलत सुटले. सुशांत, माझा मुलगा, बंगलोरला. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. महिनाभर मी कुणाकुणाशी भांडते, ते त्या एका रविवारच्या जोरावर. तिथे माझं ऐकून घेणारी माणसं आहेत. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते, स्वतःजवळही नाही.

वहिनींनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "मी नाही सांगणार यांना. ते तुमचं काम. पण तुम्ही नाही बोलल्या तर हे जन्मभर शोधत बसतील. तुम्हाला तर माहीत आहे यांचं. छोडते नहीं."

रविवारी सकाळी पावणेसातला सगळे हजर. कृष्णराव कोटात, हातात लिहून आणलेलं भाषण. डॉक्टर मोहन यांनी केसांना तेल लावून भांग पाडला होता. प्राचीने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि भिंतीवर नॉर्माबाई आल्या.

पांढरे केस नीट बसवलेले, ओठांवर लाल लिपस्टिक, मोठा चष्मा. आल्या आल्या त्यांनी आमची झाडाझडती घेतली. कॅमेरा खाली आहे, मला नुसत्या हनुवट्या दिसताहेत, वर करा. प्राचीने लॅपटॉपखाली दोन शब्दकोश सरकवले. "आता बरं," त्या म्हणाल्या, अर्थात इंग्रजीत. त्यांचं सगळं बोलणं मी इथे आपल्या भाषेत सांगतेय.

कृष्णरावांनी भाषण वाचायला घेतलं. शब्द स्वच्छ येत होते. कपाच्या त्या अकरा सेकंदांपाशी ते आले तेव्हा नॉर्माबाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"दिग्दर्शकाला आवाज हवा होता," त्या म्हणाल्या. "बशी वाजली की प्रेक्षकांना कळतं, कुणी तरी आलंय. तालमीत मी दहा वेळा वाजवली. पण खरं शूटिंग सुरू झालं आणि तो नट खराखुरा रडायला लागला. रडणाऱ्या माणसामागे भांडी कोण वाजवतं? मी नाही वाजवली. दिग्दर्शक मला खायला उठला. पण त्या नटाचं रडणं काही दुसऱ्यांदा येईना, म्हणून माझी चूक तशीच राहिली."

कृष्णराव कागद विसरून बघत राहिले. मग आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा. मी बोललो होतो ना, तो कप त्यांचा स्वतःचा आहे." त्रेसष्ट वर्षांनी त्यांचा संशय खरा ठरला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

"आता माझा प्रश्न," नॉर्माबाई म्हणाल्या. "नात म्हणते, तो माझा सत्कार होता. फुलं फार सुंदर होती. पण मी चौतीस सिनेमांत रडणाऱ्या लोकांच्या आसपास वावरलेय. सत्काराचं रडणं मला कळतं. तुमचं ते तसं नव्हतं, मिस्टर पोतनीस."

कृष्णराव उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. "मॅडम," ते म्हणाले, "मी या मंडळाचा अध्यक्ष आहे. आमच्या नोंदींत एक गंभीर चूक झाली आणि त्या चुकीची जबाबदारी सर्वस्वी माझी..."

मला ते ऐकवेना. "थांबा, कृष्णराव," मी म्हटलं आणि उठले. त्यानंतर इंग्रजीची माजी प्राध्यापक असून मला एक वाक्य सरळ जुळवता आलं नाही, पण बोलले सगळं. म्हटलं, "बाई, आमच्याकडे असा हार गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात. तुम्ही गेलात असं यांना मी सांगितलं. दोन ठिकाणी लिहिलंय म्हणून सांगितलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी शोधलंच नाही. आठ वर्षं हे दर पितृपक्षात म्हणत होते, त्यांची अजून खबर नाही, राहू द्या, आणि मला त्या राहू द्याचा कंटाळा आला होता. तुमच्या नातीलाही मीच खोटं कळवलं. ते रडले, कारण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

डॉक्टर मोहन यांचा चमचा तोंडापर्यंत येऊन थांबला होता. कृष्णराव माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची मान खाली होती आणि कोटाचं लावलेलं बटण ते पुन्हा काढत होते.

भिंतीवर नॉर्माबाई पुढे झुकल्या, इतक्या की नुसता चष्मा आणि नाक दिसायला लागलं.

"मी मेले ते राहू दे," त्या म्हणाल्या. "ते आठ वर्षांचं काय म्हणालीस?"

"हेच, की हे दर वर्षी..."

"आठ वर्षं कुणी तरी माझी खबर यायची वाट बघत होतं?"

"आठ मी आल्यापासून," मी म्हटलं. "त्याच्या आधीची मला माहीत नाहीत."

त्या मागे टेकल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शेवटचं काम केलं त्याला सत्तर वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "या गावात मी सिनेमात होते हे कुणाला ठाऊक नाही. सांगितलं तर विचारतात, कुठल्या सिनेमात, आणि मग विचारतात, त्यात तू कुठे होतीस. मिस्टर पोतनीस, जरा पुढे या. तुमचा चेहरा मला नीट दिसत नाही."

कृष्णराव कॅमेऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. भाषण खुर्चीवरच राहिलं होतं.

"मी बरी आहे," नॉर्माबाई म्हणाल्या. "गुडघे गेलेत. बाकी बरी आहे."

"गुड," कृष्णराव म्हणाले. "व्हेरी गुड." आणि कोटाचं बटण पुन्हा लावू लागले. तेव्हा मागून द्वारकावहिनींनी विचारलं, गुडघ्यांना तेल कुठलं लावतात त्या, विचारा जरा. प्राचीने विचारलं. नंतरची पंधरा मिनिटं कोमट तिळाचं तेल, त्यात किती लसूण, आणि चोळायचं वरून खाली की खालून वर, यावरच गेली. नातीने सगळं लिहून घेतलं. बंद करताना नॉर्माबाई म्हणाल्या, तो हार फेकला नसेल तर फोटोवरून काढून नुसता टेबलावर ठेवा, फुलांचा काय दोष.

सगळे पांगले. मी बशा गोळा करत राहिले, कारण हात रिकामे ठेवायची भीती वाटत होती. कृष्णरावांनी वही उघडली, पट्टी घेतली आणि सर्वपित्रीच्या यादीतल्या शेवटच्या नावावर सरळ रेघ मारली. शेजारी तारीख घालून सही केली.

"वसुंधराताई, बसा."

मी बसले.

"तुमच्यावर माझा भरवसा होता," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "आता नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "यादीचं काम प्राचीला द्या. मी यापुढे..."

"काम प्राचीलाच देणार. पण माझं अजून संपलं नाही." त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "दर महिन्याला पहिल्या रविवारी, सकाळी ठीक सात वाजता, तुम्ही इथे यायचं. या खुर्चीवर बसायचं, माझ्यासमोर. आणि नॉर्माबाईंना फोन लावायचा. स्वतः. कशा आहात विचारायचं, त्या काय बोलल्या ते मला सांगायचं. त्या आहेत तोपर्यंत. एक महिना सुटला नाही पाहिजे. समझे?"

ते हसत नव्हते. खरोखरच रागावलेले होते, आणि तसेच रागावलेले राहून त्यांनी मला माझा रविवार परत दिला होता. मी हो म्हटलं. मग मला रडू आलं, आणि वहिनींनी जिलबीची बशी माझ्यापुढे सरकवली.

तेव्हापासून तीन फोन झाले. पहिल्या वेळी नॉर्माबाईंनी मला गुडघ्यांबद्दल बरंच ऐकवलं, लसणाचा वास घरभर झाला म्हणून. दुसऱ्या वेळी मी त्यांच्या नातीच्या इंग्रजीवर टीका केली आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. कृष्णराव म्हणाले, तब्येत चांगली दिसते. गेल्या रविवारी मी सातला फोन लावला. घंटा बराच वेळ वाजत राहिली, आणि मी खुर्चीच्या काठावर येऊन बसले. मग त्यांनी उचलला, आणि माझं हॅलो व्हायच्या आत म्हणाल्या, "अजून आहे गं. सांग त्यांना."

स्पीकर चालू होता आणि कृष्णराव समोरच बसले होते. तरी मी त्यांना सांगितलं.